सही करण्याआधीचा होमवर्क

फेस्टचा सीझन आला की एक सीन ठरलेला असतो. रात्रीचे साडेनऊ झालेत, ग्राउंडवर धूळ उडतेय, दहाला साउंड बंद करायचा म्हणून कमिटीची पोरं घड्याळाकडे बघताहेत आणि कन्सोलवरचा सेकंड इयरचा डीजे शेवटची वीस-पंचवीस मिनिटं जीव तोडून वाजवतोय. त्याच्या लॅपटॉपच्या झाकणावर दोन हेल्मेटांचं स्टिकर दिसलं तर नवल वाटायला नको. एक चंदेरी, एक सोनेरी. ‘डाफ्ट पंक’ ही फ्रेंच जोडी २०२१ मध्ये थांबली, पण स्टिकर काही उतरलेलं नाही.

हेल्मेटं सगळ्यांना माहीत आहेत. पिरॅमिडचं स्टेज माहीत आहे, ग्रॅमी माहीत आहेत. या दोघांनी १९९६ मध्ये सही केलेल्या एका कराराबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. विषय कंटाळवाणा आहे खरा. त्यात ना लाइट्स ना ड्रॉप. पण आमचं म्हणणं असं, की पुढचं बरंचसं त्या कागदामुळे शक्य झालं. तुमच्यापैकी जे कुणी हॉस्टेलच्या खोलीत बसून बीट बनवतात, रॅप लिहितात, शॉर्टफिल्म एडिट करतात, त्यांना या जोडीकडून उचलण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो १९८७ मध्ये पॅरिसच्या ‘लिसे कार्नो’ या शाळेत भेटले. एक बारा वर्षांचा, दुसरा तेरा. जुने सिनेमे आणि जुन्या रेकॉर्ड्स यांवरून मैत्री जमली. १९९२ मध्ये त्यांनी लोराँ ब्रांकोविट्झ या तिसऱ्या मित्राला घेऊन ‘डार्लिन’ नावाचा गिटार बँड काढला. ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाने त्यांच्या गाण्यांची एका फटक्यात वाट लावली. येडचाप, पंकछाप धिंगाणा, अशा अर्थाचा तो शेरा होता. बँड बंद पडला. लोराँ पुढे ‘फिनिक्स’ या बँडमध्ये गेला. उरलेल्या दोघांनी त्या शेऱ्यातलेच शब्द उचलले आणि स्वतःचं नाव ठेवलं डाफ्ट पंक. पहिल्याच बोचऱ्या रिव्ह्यूनंतर इन्स्टा अकाउंट डिलीट करणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

गिटार बाजूला ठेवून ते पॅरिसच्या रेव्ह पार्ट्यांत रमले. शिकागोचं हाउस, डेट्रॉइटचं टेक्नो कानावर पडत होतं. १९९३ मध्ये युरो डिस्नेच्या एका रेव्हमध्ये त्यांनी ग्लासगोच्या ‘सोमा’ या छोट्या लेबलच्या माणसाच्या हातात डेमो टेप ठेवली. १९९४ मध्ये पहिलं सिंगल आलं, १९९५ मध्ये ‘दा फंक’. हा ट्रॅक केमिकल ब्रदर्स आपल्या सेटमध्ये वाजवायला लागले आणि बघता बघता मोठ्या कंपन्या मागे लागल्या.

आता जरा त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वय एकवीस-बावीस. सगळं काम तोमाच्या बेडरूममध्ये चाललंय. समोर नावाजलेली कंपनी पेन पुढे करतेय. आपल्यापैकी किती जण पान उलटून मागची कलमं वाचतील?

या दोघांनी वाचली, आणि घाई केली नाही. बऱ्याच ऑफर नाकारल्या. शेवटी ‘व्हर्जिन’शी करार झाला तो त्यांच्या अटींवर. रेकॉर्डिंगची मालकी ‘डाफ्ट ट्रॅक्स’ या त्यांच्या स्वतःच्या कंपनीकडे राहील. व्हर्जिनला मिळेल ते गाणी विकण्याचं लायसन्स. काय रेकॉर्ड करायचं, कव्हरवर काय छापायचं, व्हिडिओ कोण बनवणार, चेहरा दाखवायचा की नाही, हे दोघं ठरवतील. आम्ही पैशापेक्षा कंट्रोल मागितला, असं तोमा त्या काळच्या मुलाखतींत सांगायचा. जानेवारी १९९७ मध्ये पहिला अल्बम आला. तो घरी बसून बनवलेला, म्हणून त्याचं नाव ‘होमवर्क’. कराराचा अभ्यास बघितला तर ते नाव दुसऱ्या अर्थानेही शोभतं.

हा मालकीचा मामला नेमका काय, तेही समजून घेऊ. प्रत्येक रेकॉर्ड झालेल्या गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. त्यालाच इंडस्ट्रीत ‘मास्टर’ म्हणतात. रचना म्हणजे घराचा नकाशा धरला, तर मास्टर म्हणजे बांधून उभं राहिलेलं घर. ते रेकॉर्डिंग सिनेमात किंवा जाहिरातीत वापरायचं असेल, कुणाला त्यातला तुकडा सॅम्पल करायचा असेल, तर मास्टरच्या मालकाची परवानगी लागते आणि पैसेही आधी त्याच्याकडे जातात. लेबलच्या नेहमीच्या करारात कंपनी रेकॉर्डिंगचा खर्च करते आणि बदल्यात मास्टर स्वतःकडे ठेवते. कलाकाराला टक्केवारी मिळते, तीही बहुतेक वेळा दिलेला अ‍ॅडव्हान्स वसूल झाल्यावर. म्हणजे घर तुम्ही बांधलं, पण राहायचं भाडेकरू म्हणून.

चावी आपल्या खिशात असल्यामुळे या जोडीला जे करता आलं, ते बघण्यासारखं आहे. ‘दा फंक’चा व्हिडिओ स्पाइक जोन्झने केला. त्यात कुत्र्याचं तोंड असलेला एक माणूस पायाला प्लास्टर आणि हातात टेपरेकॉर्डर घेऊन न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लंगडत फिरतो. ‘अराउंड द वर्ल्ड’चा व्हिडिओ मिशेल गाँद्रीने केला, त्यात गाण्यातल्या एकेका वाद्यासाठी नाचणाऱ्यांचा एकेक गट आहे. दोन्हीत या जोडीचा चेहरा नाही. नव्या कलाकाराचा चेहरा विकायचा नाही, ही अट कुठल्या मार्केटिंगवाल्याला सुखासुखी पटली असती?

मग २००१ मध्ये ‘डिस्कव्हरी’ आला आणि त्याच्यासोबत हेल्मेटं. त्यांनी गोष्ट अशी रचली, की ९ सप्टेंबर १९९९ ला सकाळी ९ वाजून ९ मिनिटांनी स्टुडिओतल्या सॅम्पलरचा स्फोट झाला आणि शुद्धीवर आलो तेव्हा आम्ही रोबोट झालो होतो. हेल्मेट हाही एक शोच होता, हे कबूल. पण त्या शोचा फायदा असा, की जगभर गाणी वाजत असतानाही दोघं पॅरिसच्या रस्त्यावर साध्या माणसांसारखे फिरू शकत होते.

‘डिस्कव्हरी’ची सगळी गाणी घेऊन त्यांनी २००३ मध्ये ‘इंटरस्टेला ५५५५’ हा अ‍ॅनिमेशनपट आणला. लहानपणी टीव्हीवर ज्यांच्या कार्टून मालिका बघितल्या, त्या जपानच्या लेइजी मात्सुमोतोंनाच गाठून तो करून घेतला. संवाद जवळजवळ नाहीतच. गोष्ट गाण्यांतून पुढे सरकते. दूरच्या ग्रहावरच्या निळ्या कातडीच्या चार वादकांना एक मॅनेजर पळवून आणतो, त्यांची स्मृती पुसतो, त्यांना माणसांचा रंग देतो आणि पृथ्वीवर स्टार म्हणून विकतो. लहान मुलांचं कार्टून वाटावं असं चित्र, पण आत म्युझिक इंडस्ट्रीची अख्खी कुंडली. आपण कशातून सुटलो, हे या दोघांना पक्कं ठाऊक होतं.

कंट्रोल हातात असला की सगळं छान होतं, असंही नाही. २००५ चा ‘ह्यूमन आफ्टर ऑल’ त्यांनी सुमारे सहा आठवड्यांत उरकला आणि अनेक समीक्षकांनी तो झोडपला. तेच तेच वाजवताय, अशी तक्रार होती. इथे दोष ढकलायला कंपनी नव्हती. पण गाणी त्यांची होती, त्यामुळे ती मोडून पुन्हा जोडायची मुभाही त्यांचीच होती. एप्रिल २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला फेस्टिव्हलला ते एका चमकत्या पिरॅमिडमध्ये उभे राहिले आणि तिन्ही अल्बमची गाणी एकमेकांत मिसळून वाजवली. ज्या गाण्यांना नावं ठेवली गेली, तीच तिथे लोकांना वेड लावत होती. पुढच्या वर्षी याच शोची जगभर टूर झाली. पॅरिसमध्ये रेकॉर्ड झालेल्या ‘अलाइव्ह २००७’ला आणि त्यातल्या एका ट्रॅकला २००९ मध्ये दोन ग्रॅमी मिळाल्या.

नंतर मोठ्या टूरचा मोह त्यांनी टाळला. डिस्नेच्या ‘ट्रॉन: लेगसी’ला संगीत दिलं आणि २०१३ मध्ये चौथा अल्बम काढला, ‘रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज’. सगळं जग लॅपटॉपवर ईडीएम बनवत होतं, तेव्हा रोबोट म्हणवणाऱ्या या दोघांनी हाडामांसाचे वादक बोलावले. गिटारवर नाइल रॉजर्स, ड्रम्सवर ओमर हकीम, बासवर नेथन ईस्ट. इटलीचे ज्योर्जो मोरोडर यांना माइकसमोर बसवून त्यांच्या आयुष्याची गोष्ट सांगायला लावली आणि वेगवेगळ्या काळासाठी त्या त्या काळाचे माइक मांडले. हा फरक कुणाला कळणार, असं मोरोडरनी इंजिनिअरला विचारलं. बाकी कुणाला नाही, पण या दोघांना कळेल, असं उत्तर मिळालं. इतके नखरे कंपनीच्या बजेटमध्ये बसत नाहीत. रेकॉर्डिंगचा खर्च दोघांनी स्वतः उचलला होता. जानेवारी २०१४ मध्ये अल्बम ऑफ द इयर आणि रेकॉर्ड ऑफ द इयर धरून या अल्बमला पाच ग्रॅमी मिळाल्या. स्टेजवर दोघंही एक शब्द बोलले नाहीत. बोलले ते त्यांचे सोबती.

इथवर वाचून वाटेल, की कसली भारी पोरं. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती न सांगता कौतुक करणं बरं नव्हे.

‘वन मोअर टाइम’ हे ‘डिस्कव्हरी’चं पहिलं गाणं. त्याची ती ओळखीची ब्रासची सुरावट १९७९ च्या ‘मोअर स्पेल ऑन यू’ या डिस्को गाण्याचे तुकडे उलटसुलट जोडून बनली आहे. ते गाणं एडी जॉन्स या गायकाचं. ‘डिस्कव्हरी’च्या कव्हरवर दुसऱ्या काही सॅम्पलचे उल्लेख आहेत, पण एडी जॉन्सचं नाव नाही. २०२१ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने त्याला शोधून काढलं. जगभरच्या पार्ट्यांत वीस वर्षं वाजलेल्या या गाण्यातून त्याला पैसे मिळाले नव्हते, आणि मधली काही वर्षं त्याने बेघर म्हणून काढली होती. डाफ्ट पंकच्या बाजूने सांगण्यात आलं, की सॅम्पलचे पैसे आम्ही नियमित देतो, मूळ रेकॉर्डिंगचे हक्क ज्या फ्रेंच कंपनीकडे आहेत तिला. म्हणजे कायद्याने कुणीच चोरी केली नव्हती. पैसे मालकाकडे जात होते, आणि मालक एडी जॉन्स नव्हता.

या दोन कागदांत पडलेलं अंतर बघा. एका कागदामुळे दोन मित्र आयुष्यभर मनासारखं काम करू शकले. दुसऱ्या कागदामुळे एक गायक आपल्याच गाण्याला परका झाला. दोघांतला फरक टॅलेंटचा होता, असं म्हणायचं धाडस आम्हाला होत नाही. स्वतःची मालकी इतकी जपणाऱ्यांनी एडीचं नाव तरी आधी छापायला हवं होतं, असंही आम्हाला वाटतं.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तोमाचे वडील दानिएल व्हानगार्द हे गीतकार-निर्माते. ‘ओटावान’चं ‘डी.आय.एस.सी.ओ.’ हे डिस्को गाणं त्यांचंच. इंडस्ट्रीच्या खाचाखोचा त्यांना पाठ होत्या आणि मुलांना त्यांनी सल्लाही दिला. ज्याच्या घरी असा माणूस आहे त्याला ऑफर नाकारणं जमतं. जळगावहून किंवा चिपळूणहून पुण्यात येऊन तिघांत एक खोली करून राहणाऱ्या पोराला पहिली ऑफर नाकारणं परवडेलच असं नाही. ‘फक्त पॅशन ठेवा, बाकी आपोआप होतं’ असं सांगणाऱ्या मोटिव्हेशनल भाषणांत हा भाग नेमका गळतो.

म्हणून आमचा सल्ला ‘ऑफर नाकारा’ असा नाही. प्रत्येकाच्या घरी व्हानगार्द नसतो, पण माहिती तर मिळवता येते. आपल्या कॉपीराइट कायद्यातल्याच काही गोष्टी घ्या. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. तोंडी ‘दिलं रे’ म्हटल्याने हक्क जात नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिलेलं नसेल तर फक्त भारतापुरतं धरलं जातं. आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा असा बांधला, की सिनेमा थिएटरबाहेर वापरला जातो तेव्हाचा तो हिस्सा त्यांना सहजासहजी सोडून देताही येत नाही. त्यामुळेच समोरच्याच्या करारात ‘कायमस्वरूपी’, ‘संपूर्ण जगासाठी’, ‘आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत’ असे शब्द दिसले, की समजा ते मुद्दाम लिहिलेले आहेत. तिथे पेन खाली ठेवा आणि विचारा. कॉलेजात लॉ करणारा एखादा मित्र असतोच. त्याला चहा पाजा आणि कागद दाखवा. सगळं मान्य होणार नाही. पण मुदत वीस वर्षांवरून पाचवर आली, क्रेडिटमध्ये नाव छापायचं ठरलं, तरी ती एका संध्याकाळची मोठी कमाई आहे.

आणि हो, कंपनी दूरच राहिली. पहिला करार मित्रांशीच होतो. बीट एकाने बनवला, शब्द दुसरीचे, मिक्सिंग तिसऱ्याने रात्र जागून केलं. व्हायरल होईपर्यंत सगळं ‘आपलं’ असतं. व्हायरल झाल्यावर ‘माझं’ सुरू होतं. पैशाचं बोललं की मैत्री बिघडते, असं आपल्याकडे मानतात. आमचा अनुभव उलटा आहे. आधी न बोलल्यामुळे बिघडलेल्या मैत्र्या आम्ही जास्त पाहिल्या.

२२ फेब्रुवारी २०२१ ला ‘एपिलॉग’ नावाचा आठ मिनिटांचा व्हिडिओ आला. त्यांच्याच ‘इलेक्ट्रोमा’ या जुन्या सिनेमातला प्रसंग. वाळवंटात दोन रोबोट चालताहेत. एक थांबतो, जॅकेट काढतो, दुसऱ्याला पाठीवरचं बटण दाबायला लावतो, दूर चालत जातो आणि त्याचा स्फोट होतो. दुसरा एकटा चालू लागतो. पुढे दोन साल झळकतात, १९९३ आणि २०२१. कारण सांगितलं नाही, फेअरवेल टूर नाही, एकमेकांवर चिखलफेक नाही. अठ्ठावीस वर्षांत चार स्टुडिओ अल्बम, एवढ्यावर ते थांबले. नंतर तोमाने बॅलेसाठी ऑर्केस्ट्राचं संगीत लिहिलं आणि उघड्या चेहऱ्याने मुलाखती दिल्या. एआयच्या या काळात आपल्याला रोबोट राहायचं नाही, असं त्याचं म्हणणं.

कधी थांबायचं हे स्वतः ठरवता येणं, ही चैन फार कमी कलाकारांना मिळते. या दोघांना ती मिळाली, त्याची सुरुवात बाविशीत वाचलेल्या कागदापासून झाली होती.

तेव्हा यंदाच्या फेस्टमध्ये तुमचा बँड किंवा तुमची डीजे जोडी स्टेजवर जाणार असेल, तर साउंडचेकच्या आधी अर्धा तास काढा. कॅन्टीनच्या टेबलावर वहीचं एक पान फाडा. गाणं कुणाचं, रेकॉर्डिंग कुणाचं, नाव कुणाकुणाचं लागणार, पैसे आले तर वाटणी कशी आणि उद्या कुणी सोडून गेलं तर काय, हे पाच प्रश्न लिहा आणि त्यांच्यापुढे उत्तरं. खाली सगळ्यांच्या सह्या, तारीख टाकून. त्याचा एक फोटो ग्रुपवर पाठवून ठेवा. मग जा आणि दहाच्या आत जे काही वाजवायचंय ते वाजवा.